आकडा खोडण्यापूर्वी

पडद्यावर दिसतो आहे एका आरोग्य केंद्राचा मासिक अहवाल. पाच आजारांपासून संरक्षण देणाऱ्या, तीन डोसांच्या पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस मिळालेल्या बाळांपेक्षा तिसरा डोस मिळालेली बाळे जास्त आहेत. नव्याने रुजू झालेला माहिती अधिकारी हा आकडा चुकीचा ठरवून खोडायला निघतो. शेजारी बसलेली अनुभवी मार्गदर्शक त्याला थांबवते आणि लसीकरणाचे रजिस्टर मागवते. गेल्या महिन्यात लसीचा साठा संपला होता का? तेव्हा परत गेलेली बाळे या महिन्यात आली असतील का? एखाद्या महिन्यात असे घडू शकते. वर्षभराच्या बेरजेतही तीच तऱ्हा दिसली, तर मात्र नोंदी तपासाव्याच लागतात. हा विवेक कोणत्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही.

असा विवेक असलेली माणसेच कमी आहेत; आरोग्याच्या नोंदी ठेवण्याच्या साधनांची तितकी वानवा आता उरलेली नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९४ च्या सुमारास ओस्लो विद्यापीठाच्या सहभागाने सुरू झालेल्या 'हिस्प' या आरोग्य-माहितीविषयक उपक्रमातून पुढे डीएचआयएस-२ ही आरोग्य केंद्रांचे आकडे गोळा करणारी संगणकीय प्रणाली घडली आणि २००६ मध्ये ती प्रथम केरळमध्ये वापरात आली. त्याच वर्षी केनियातील एल्डोरेट येथे ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची प्रणाली सुरू झाली. दोन्ही प्रणाली मोफत आहेत. त्या चालवणारी माणसे मात्र मोफत तयार होत नाहीत. 'हिस्प'ने हे लवकर ओळखले. मोझांबिक, मलावी, भारत अशा देशांतील अभ्यासक आपापल्या आरोग्ययंत्रणेत काम करतच ओस्लोत उच्च शिक्षण घेऊ लागले, त्यामुळे संशोधनाचा प्रश्न आणि कार्यालयातली अडचण बहुधा एकच असे.

याउलट, चार-पाच दिवसांची कार्यशाळा आटोपून परतलेल्या कर्मचाऱ्याला पहिली अडचण येते तेव्हा विचारायला जवळपास कोणीच नसते. दूरस्थ मार्गदर्शकाशी ठरावीक वेळी होणारे बोलणे उपयोगी पडते, पण रजिस्टरचा कोणता रकाना नेहमी रिकामा राहतो आणि का, हे त्याला दुरून कळणे अवघड असते. म्हणून दूरच्या तज्ज्ञाला स्थानिक वरिष्ठाची जोड हवी, आणि त्या वरिष्ठाला या कामासाठी रोजच्या जबाबदाऱ्यांतून अधिकृत वेळ मिळायला हवा.

खरी गळती त्यानंतर सुरू होते. तयार झालेला माणूस अधिक पगाराच्या प्रकल्पात निघून जातो, कारण सरकारी आस्थापनेत त्याच्यासाठी पदच नसते. देणगीदारांचा निधी मुदतीचा असतो; त्यामुळे ते पद मंजूर करून घेण्याची खटपट निधी संपताना नव्हे, तर प्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी सुरू करावी लागते.