चिमणीतला सीओटू: धरणं सोपं, सोडवणं महाग

[सोड्याची बाटली कॅमेऱ्याजवळ. झाकण उघडतो.]

फस्स! ऐकलंत? हा कार्बन डायऑक्साइड. बाटली भरताना दाब देऊन पाण्यात कोंबला होता. झाकण उघडलं, दाब गेला आणि तोही निघाला.

नमस्कार मंडळी. औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून जाणारा सीओटू पकडतात कसा, हा आजचा विषय. सोड्याची युक्ती तिथे चालत नाही. कोळशाच्या धुरात सीओटू असतो १२ ते १५ टक्के, बाकी बराचसा नायट्रोजन, आणि धुराला दाब म्हणाल तर आपल्या हवेइतकाच. एवढ्यावर नुसतं पाणी त्याला फारसं धरत नाही. मग पाण्यात असं काही मिसळायचं, जे सीओटूशी रासायनिक गाठ मारेल. ते म्हणजे अमाइन, रेणूत नायट्रोजन असलेलं एक सेंद्रिय रसायन. रॉबर्ट बॉटम्स यांना अमेरिकेत याचं पेटंट मिळालं १९३० साली! तेव्हा हवामानबदलाची चर्चाही नव्हती. वायूंच्या मिश्रणातून आम्लधर्मी वायू काढायचे होते, बस्स.

आता कूलर आठवा. वरून खसावर पाणी झिरपतंय, आडवी हवा जातेय. अ‍ॅब्सॉर्बर टॉवर हा तसाच, फक्त उभा आणि काही मजले उंच. खसाच्या जागी घडीघडीचे स्टीलचे पत्रे, त्याला पॅकिंग म्हणतात. वरून अमाइनचं द्रावण पातळ थरात ओघळतं, खालून धूर चढतो. तापमान साधारण ४० अंश. वर पोचेपर्यंत ९० टक्के सीओटू द्रावणात गेलेला असतो.

इथवर सगळं झकास. पण खाली साठलेलं हे भरलेलं द्रावण, प्लांटमध्ये ज्याला 'रिच अमाइन' म्हणतात, त्याचं काय करणार? फेकून चालत नाही, तेच परत वापरायचंय. म्हणून दुसरा टॉवर, स्ट्रिपर. तिथे वाफेने १२० अंशांपर्यंत तापवलं की गाठ सुटते, वरून शुद्ध सीओटू निघतो आणि खाली उरतं ते 'लीन अमाइन' पुन्हा पहिल्या टॉवरकडे. जाताना ते येणाऱ्या थंड द्रावणाला आपली उष्णता देऊन जातं. तेवढीच बचत.

आणि पैसा जातो तो इथेच. जुनं, सगळ्यात अभ्यासलेलं द्रावण घ्या: ३० टक्के मोनोइथॅनॉलअमाइन, म्हणजे एमईए, आणि ७० टक्के पाणी. एक टन सीओटू काढायला असं पंधरा-वीस टन द्रावण फिरवावं लागतं. गाठ सोडवायला उष्णता लागतेच, शिवाय एवढं पाणी तापवायचं, त्यातलं थोडं उकळवायचं. मिळून साडेतीन ते चार गिगाज्यूल. हा आकडा डोक्यात बसत नाही ना? घरचे साधारण साडेपाच-सहा सिलिंडर धरा. एका टनाला! ५०० मेगावॉटचं एक युनिट तासाला चारशेच्या वर टन सीओटू सोडतं. गुणाकार तुम्हीच करा.

अर्थात सिलिंडर कोणी जाळत नाही. ही वाफ टर्बाइनमधूनच काढतात, म्हणजे तेवढी वीज कमी. पाचवा हिस्सा, कधी पाव हिस्सा.

म्हणून संशोधक घट्ट धरणाऱ्या अमाइनमागे नाहीत, पटकन धरून हलकेच सोडणाऱ्या अमाइनमागे आहेत. एमईएचे दोन रेणू मिळून एक सीओटू धरतात. काही अमाइनमध्ये नायट्रोजनच्या शेजारी मुद्दाम जाडजूड गट बसवतात. त्याच्या अडचणीमुळे गाठ सैल पडते आणि एका रेणूमागे एक सीओटू येतो. मला तरी या विषयातली सगळ्यात देखणी कल्पना हीच वाटते. टेक्सासच्या पेट्रा नोव्हा प्रकल्पात असंच जपानी द्रावण वापरलं. तो २०१७ मध्ये सुरू झाला, २०२० मध्ये बंद पडला, २०२३ मध्ये परत चालू झाला. तिथला सीओटू जुन्या तेलविहिरीत ढकलतात, तेल वर यावं म्हणून. २०२० मध्ये तेल स्वस्त झालं आणि गणित कोलमडलं.

कॅनडातल्या बाउंड्री डॅम या कोळसा वीज केंद्रातला असाच प्रकल्प त्याआधीचा, २०१४ चा. तिथे सुरुवातीला छळलं ते राखेने आणि खराब होणाऱ्या अमाइनने.

मग तुमचा प्रश्न येणारच: चंद्रपूरला कधी? आपल्या कोळशात राख ३५-४० टक्क्यांच्या घरात. धुरातला सल्फर डायऑक्साइड अमाइनशी अशी गाठ मारतो, की १२० अंशांनाही ती सुटत नाही. ते अमाइन वाया गेलं समजा. म्हणून आधी गंधक काढणारी यंत्रणा लागते, एफजीडी. ती आपल्या बहुतेक कोळसा केंद्रांत अजून बसलेली नाही. म्हणजे अमाइनचा पहिला पिंप उघडायच्या आधीच एक वेगळा प्लांट बांधायचा. त्या एफजीडीत चुनखडीचं जिप्सम कसं होतं, ते पुढच्या व्हिडिओत.

[उरलेला सोडा पितो.] गेला की हो सगळा गॅस.