भाड्याचा किमोनो आणि दगडी उतार

मंडळी, आधी जागा सांगते, मग कपड्याकडे वळू. जपानमधल्या क्योतो शहराच्या पूर्वेला डोंगराची रांग आहे. तिच्या पायथ्याशी हिगाशियामा नावाचा भाग. वर कियोमिझु-देरा हे मंदिर, आणि तिथून खाली उतरणाऱ्या सान्नेन्झाका आणि निनेन्झाका या दोन दगडी वाटा. दुतर्फा लाकडी घरं, त्यांत मिठाई, चहा, मातीची भांडी, पंखे, अगरबत्त्या. विजेच्या ताराही जमिनीखाली घातल्यात, त्यामुळे फोटोत काही आडवं येत नाही. १९७६ पासून हा सगळा टापू सरकारी संरक्षणाखाली आहे.

सकाळी दहानंतर तिथं पोचलात तर जिकडे पाहावं तिकडे किमोनो. आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक जपानी नसावेत असं बोलण्यावरून वाटतं. तैवान, चीन, कोरिया, थायलंड, हल्ली आपल्याकडचेही. जपानी माणूस एरवी शर्टपँटीत असतो. किमोनो निघतो तो लग्नात, मर्तिकाला, लहान मुलांच्या शिचि-गो-सान या सणाला, आणि जानेवारीत वयात आलेल्या मुलामुलींच्या समारंभाला. म्हणजे जुन्या गल्लीत जुने कपडे घालून हिंडणारे बरेचसे बाहेरचेच. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. ‘सगळा फॅन्सी ड्रेस आहे हो,’ असं मला क्योतोत वर्षानुवर्षं राहिलेल्या लोकांनीही ऐकवलंय. मला ते तितकंसं पटत नाही. का, ते सांगते.

ही वस्ती देवळाच्या दारातली आहे, आणि देवळाच्या दारातली वस्ती पहिल्यापासून यात्रेकरूंच्या खिशावर जगत आलीय. परंपरेप्रमाणे मंदिर इ.स. ७७८ चं. अनेकदा जळलं, आज दिसतो तो मुख्य सभामंडप १६३३ साली तिसरा तोकुगावा शोगुन इएमित्सु यानं बांधवून घेतला. पश्चिम जपानात कान्नोन या बोधिसत्त्वाची तेहतीस स्थानं आहेत, त्यांतलं हे सोळावं. शोगुनांच्या काळात सामान्य माणसाला उगाच गाव सोडता येत नसे, पण यात्रेला निघालो म्हटलं की परवाना मिळायचा. मग देवदर्शन तर व्हायचंच, पण नाटक, चहा, खरेदी हेही. सान्नेन्झाकाच्या कोपऱ्यावर सात मसाल्यांची पूड विकणारं एक दुकान आहे, साडेतीनशे वर्षांहून जुनं. मंदिरातल्या ओतोवा धबधब्याखाली थंडीत उभं राहून आलेल्यांना ते पूर्वी मिरची घातलेलं गरम पाणी द्यायचे. त्याच उतारावर कुणी पडलं तर तीन वर्षांत मरतं अशी लोकसमजूत आहे. मग उताराच्या पायथ्याशीच वाळवलेल्या छोट्या भोपळ्यांचं दुकान. पडलात तर तो ताईत घ्यायचा, की निसटलेला जीव परत आत ओढला जातो! भीती वर, उपाय खाली. असा धंदा ज्यांना सुचतो त्यांच्या वंशात किमोनो भाड्यानं देणारं दुकान निघालं, तर नवल ते काय? २०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले. दुकानदार त्यांच्याकडे पाठ फिरवून बसणार नव्हता.

आता कपडा. भाड्याच्या दुकानात तुम्हाला निवडायला मिळतं ते फक्त रंग आणि नक्षी. मापाचं कुणी विचारत नाही. मापाचा सगळा हिशेब नेसवण्यात असतो. बायकांचा किमोनो अंगापेक्षा लांबच शिवलेला. जास्तीची लांबी कमरेशी दुमडून दोरीनं आवळतात आणि ती घडी पट्ट्याखाली नीट दिसेल अशी ठेवतात. नऊवारीत जशी सगळी करामत कमरेशी, तशी इथंही. फरक एवढाच की आपल्याला कमर दिसलेली चालते, त्यांना ती नको असते. मला नेसवणाऱ्या काकूंनी आधी माझ्याकडे तिरपं पाहिलं, मग कपाटातून दोन टॉवेल काढले आणि कमरेच्या खळगीत ते चापून-चोपून बांधले. अंग वरपासून खालपर्यंत सरळ नळकांड्यासारखं झालं पाहिजे, तरच कापड सुरकुतत नाही. मग जुबान, म्हणजे आतला झगा, मग किमोनो, मग एकावर एक दोऱ्या, आणि शेवटी ओबी, तो रुंद पट्टा. ओबी बांधताना त्यांनी गुडघा माझ्या पाठीला लावला आणि ओढला. अर्ध्या मिनिटात माझी पाठ जी ताठ झाली, ती संध्याकाळपर्यंत वाकली नाही.

एक नियम मात्र कुठल्याही दुकानात मोडत नाहीत. डावा पदर उजव्यावर. ७१९ सालच्या राजाज्ञेनं ते ठरलं. उजवा पदर वर घालतात तो प्रेताला. आरशातल्या सेल्फीत बाजू उलट दिसतात, त्यामुळे इन्स्टाग्रामवर रोज कुणी ना कुणी मेलेलं दिसतं, आणि खाली जपानी आज्या हळहळतात.

आणि मग तुम्ही रस्त्यावर येता. पहिली दहा पावलं अडखळत पडतात, कारण ढांग टाकताच येत नाही. गुडघ्यापासून खालीच पाय हलतो. झोरी चपलेतून टाच थोडी मागे बाहेर राहते. तसंच अपेक्षित असतं, चप्पल लहान दिली म्हणून भांडू नका. पायऱ्या चढताना उजव्या हातानं पुढचा पदर चिमटीत धरून दोन बोटं उचलायचा, आणि उतरताना अंग जरा तिरकं करायचं. सान्नेन्झाकाच्या पायऱ्या पँटीत उतरताना मी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. त्या इतक्या बुटक्या आणि रुंद का, ते किमोनोत पायाला कळतं. लहान पावलाला त्या बरोबर पुरतात. पुढं ओतोवाच्या तीन धारांपाशी लांब दांड्याच्या पळीत पाणी धरायचं असतं. उजवा हात लांब केला की बाही लोंबते आणि थेट पाण्यात जायला निघते. माझ्यापुढच्या म्हाताऱ्या बाईंनी न पाहता डाव्या हातानं उजवी बाही खालून उचलून धरली. जपानी नाटकात, चहाच्या समारंभात ती नाजूक हालचाल मी शंभरदा पाहिली होती आणि मला ती नखऱ्याची वाटायची. तिथं कळलं, बाही भिजू नये म्हणून आहे ती!

वर मंदिराच्या सभामंडपाला पुढं लाकडी सज्जा आहे, दरीवर तेरा मीटर उंच, केयाकी झाडाच्या लाकडाच्या प्रचंड खांबांवर, खिळे न वापरता उभा. मनातली इच्छा पुरी व्हावी म्हणून तिथून उडी मारायची प्रथा होती. मंदिराच्या दप्तरात १६९४ ते १८६४ या काळातल्या २३४ उड्यांची नोंद आहे, आणि त्यांतले सुमारे ८५ टक्के लोक वाचले. खाली तेव्हा दाट झाडी होती. १८७२ मध्ये सरकारनं बंदी घातली. गाभाऱ्यातली मूळ मूर्ती अकरा मुखांच्या, सहस्रभुज कान्नोनची. ती कवाडाआड असते, नेमानं तेहतीस वर्षांतून एकदा दर्शन; असं दर्शन शेवटचं २००० साली झालं. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. त्याचं अकरा मुखांचं रूप बघायला इतक्या लांब जायची गरज नाही, बोरिवलीच्या कान्हेरीत ४१ क्रमांकाच्या लेण्यात तो उभा आहे. तिथं मात्र बूट घालून जा.

कपड्याबद्दल माझी तक्रार आहे ती वेगळीच. भाड्याचा किमोनो बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा, नक्षी यंत्रावर छापलेली, ओबीची मागची गाठ तयार, नुसती अडकवायची. हल्ली तर लेसच्या बाह्या आणि टोप्यांची फॅशन आलीय. खरा किमोनो म्हणजे सुमारे बारा मीटर लांब आणि जेमतेम छत्तीस-अडतीस सेंटिमीटर रुंद असा एक ताका. तो सरळ रेषेत कापायचा, वाकडी कात्री नाही. त्यामुळे धुवायच्या वेळी उसवून तुकडे पुन्हा जोडले की मूळचा ताका तयार. युझेन रंगकामात भाताच्या खळीनं नक्षीच्या कडा बांधून आत हातानं रंग भरतात. ती खळ धुवायला पूर्वी कामो नदीत रंगीत कापडं सोडलेली असायची. असा एक किमोनो लाखो येनांत जातो. भाडं काही हजार येन. त्या भाड्यातला पैसा उतारावरच्या दुकानदाराला पोचतो, शहराच्या वायव्येला निशिजिनमध्ये मागावर बसलेल्या विणकराला नाही. मला हे खुपतं. म्हणून मी सांगते, भाड्याचा घाला, खुशाल घाला, पण एक दुपार निशिजिनला जाऊन माग चालताना बघा.

‘दुसऱ्यांचा पोशाख आपण घालावा का?’ असंही विचारतात. २०१५ मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मोनेच्या चित्रापुढं लोकांना किमोनो चढवून बघू देत होते, तर अमेरिकेत निदर्शनं झाली आणि ते थांबवावं लागलं. उलट २०१९ मध्ये अमेरिकेतली टीव्हीवरची तारका किम कार्दाशियन हिनं आपल्या अंतर्वस्त्रांना ‘किमोनो’ हे नाव देऊन त्याचा ट्रेडमार्क घ्यायचं ठरवलं, तेव्हा खुद्द क्योतोचे महापौर काडोकावा यांनी पत्र लिहून विरोध केला. हे गृहस्थ स्वतः कायम किमोनोतच वावरायचे. पाहुण्यांनी किमोनो घालण्याला मात्र शहराचं उत्तेजनच आहे. शहराचा राग आहे तो गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीत माइकोंच्या, म्हणजे शिकाऊ गेइशांच्या, मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांवर. २०२४ पासून तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्यात. कपडा कुठला घातलाय, याच्याशी त्याचा संबंध नाही.

वेळेचं एक सांगून ठेवते. मंदिर सकाळी सहाला उघडतं, तेव्हा उतार रिकामा असतो. किमोनोची दुकानं बहुधा नऊच्या सुमाराला उघडतात आणि संध्याकाळी पाच-सहाला परत मागतात. म्हणजे गर्दी टाळायची असेल तर साध्या कपड्यांत पहाटे जा, आणि किमोनोतला फेरफटका वेगळा ठेवा.

आणि व्याख्यान संपल्यावर बायका हळूच येऊन जे विचारतात ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुरुषांनाही कळेल रांग का लागते. बाह्या आधी पुढं घेऊन एकमेकींत बांधायच्या किंवा ओबीत खोचायच्या. मग किमोनो, मग जुबान, मग आतला परकर, असं एकेक करून वर घ्यायचं. सोडताना नेमका उलटा क्रम, आणि शेवटी ओबीखालची घडी हातानं सारखी करायची. घाईत दोन थर एकदम सोडले की सगळं वाकडं बसतं आणि ते एकटीला सरळ करता येत नाही. तेव्हा निनेन्झाकावर तो थंडगार माचाचा, म्हणजे हिरव्या चहाचा, मोठा ग्लास समोर आला, की आधी जवळचं स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारा.