मना कागद कोठे ग्यात?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात अमळनेरचे एक आप्पा माझ्या जळगावच्या दुकानात आले. एसटीने आले होते आणि मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेला सीपीयू होता. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं दिवाणजी म्हणून काम केलेला माणूस. पुतण्याने नवा कॉम्प्युटर घेऊन दिला, पण त्याच्यावर आप्पांचं ओळखीचं चिन्ह नव्हतं. टेबलावर सीपीयू ठेवून त्यांनी विचारलं, "भो, हाई बंद व्हयनं, मंग मना कागद कोठे ग्यात?" म्हणजे, हे बंद झालं, मग माझे कागद कुठे गेले?

हाई म्हणजे आउटलुक एक्सप्रेस, मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्रॅम. कॉम्प्युटर चालवणाऱ्या जुन्या विंडोज एक्सपीबरोबर यायचं ते. पुढची विंडोज आली आणि ते तिथेच थांबलं. आणि कागद म्हणजे पत्रं. मेललाही आप्पा कागदच म्हणतात.

आप्पांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही, त्याला कारण आहे. 2014 च्या एप्रिलमध्ये एक्सपीला कंपनीचा आधार मिळणं बंद झालं, तेव्हा दुकानात रांग लागली होती. धरणगावच्या एका गृहस्थांचा कॉम्प्युटर मी फॉरमॅट केला, म्हणजे सगळं पुसून कोरा केला. आधी फोटो काढून घेतले, माय डॉक्युमेंट्स घेतलं, डेस्कटॉप घेतला. मेल राहून गेले. आउटलुक एक्सप्रेस आपली पत्रं लपवलेल्या फोल्डरमध्ये, डीबीएक्स नावाच्या फायलींत ठेवतं, हे मला ठाऊक होतं. घाईत आठवलं नाही. त्या पत्रांत त्यांच्या वारलेल्या भावाची पत्रं होती. दुसऱ्या दिवशी ते आले, माझ्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. एका शब्दाने बोलले नाहीत. ते मला आजही टोचतं.

आता कुणी म्हणेल, मेल तर इंटरनेटवर असतात, कॉम्प्युटरवर कसे? त्या काळी पॉप नावाची पद्धत जास्त चालायची. सर्व्हरवर जागा थोडी, म्हणून मेल कॉम्प्युटरवर उतरायचा आणि सर्व्हरवरून बहुधा पुसला जायचा. पोस्टमनने पत्र हातात दिलं की पोस्टात काय उरतं? तसंच. पत्राची एकुलती एक प्रत घरच्या डब्यात, आणि डब्याची किल्ली त्या एका सॉफ्टवेअरकडे.

अशी सॉफ्टवेअरं बंद पडली तेव्हा जगभर माणसं हळहळली, चिडलीसुद्धा. युडोरा हा मेलचा प्रोग्रॅम 1988 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी लिहिला. पुढे तो क्वालकॉमकडे गेला आणि 2006 मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं. तरी लोक वर्षानुवर्षं तोच वापरत राहिले. नेटस्केप या इंटरनेट बघायच्या ब्राउझरचा पाठिंबा 2008 च्या 1 मार्चला संपला. ऑपेरा ब्राउझरच्या आतच मेलची सोय होती. 2013 मध्ये ऑपेराने पानं दाखवणारं आतलं जुनं इंजिन टाकून नवं बसवलं आणि ती सोय ब्राउझरमधून गेली. जुने वापरणारे इतके नाराज झाले की ऑपेराच्याच एका संस्थापकाने पुढे विवाल्डी नावाचा वेगळा ब्राउझर काढला. इंटरनेट एक्सप्लोरर 15 जून 2022 ला निवृत्त झाला, तेव्हा आपल्याकडे टेंडर भरणाऱ्यांची धांदल मी डोळ्यांनी पाहिली. त्यांची डिजिटल सही त्याच ब्राउझरमध्ये चालायची.

अशा वेळी "जुनं धरून का बसता?" असं म्हणणं मला पटत नाही. हाताला वळण पडलेलं असतं. आप्पांनी प्रत्येक व्यापाऱ्याचं वेगळं फोल्डर केलं होतं, कोणत्या सालचा गाठीचा भाव कुठे सापडेल हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. ते वळण मोडलं तर माणसाला लागतंच. कंपनीने दुकान बंद करावं, तो तिचा हक्क. पण जाताना गिऱ्हाइकाचा माल गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे, दाराला कुलूप लावून नाही जायचं. नेटस्केपने 1998 मध्ये आपला कोड खुला केला, त्यातूनच पुढे फायरफॉक्स ब्राउझर उभा राहिला. युडोराचा कोडही 2018 मध्ये संगणक इतिहास संग्रहालयामार्फत सर्वांसाठी खुला झाला. याला म्हणतात रीतसर जाणं.

आप्पांचा सीपीयू मी फॉरमॅट केला नाही. आधी हार्डडिस्कची पूर्ण नक्कल घेतली. मग आउटलुक एक्सप्रेस उघडलं, एकेका फोल्डरमधले सगळे मेल निवडले आणि माउसने ओढून बाहेरच्या फोल्डरमध्ये टाकले. प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल होते, ती थंडरबर्ड या मेलच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते, आणि काहीच नसलं तर साध्या नोटपॅडमध्येही बरीचशी वाचता येते. दोन दिवस गेले.

सगळ्यात शेवटी "घर" नावाचं फोल्डर. पुण्यात शिकणाऱ्या लेकीची मराठी पत्रं. उघडली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता गिचका! मुलीने युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे अक्षरं सारखी दिसावीत म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये टाइप केलं होतं, आणि तो फाँट नव्या कॉम्प्युटरवर नव्हता. जुन्या डिस्कच्या फाँट फोल्डरमध्ये तो सापडला. बसवला, आणि अक्षरं जागेवर आली. तेव्हा तुमच्याकडे अशी जुनी मराठी पत्रं असतील, तर मेलसोबत तो फाँटही जपून ठेवा. आणि मशीन दुरुस्तीला देताना आधी तोंडाने सांगा, की यात मेल आहेत. आमच्यासारख्या दुकानदाराला घाईत ते दिसत नाही.

आप्पांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि पहिलं पत्र वाचायला घेतलं. ते लेकीच्या पहिल्या पगाराचं होतं. दुसरं, तिसरं, करत करत संध्याकाळची एसटी चुकली. मी दोन पेनड्राइव्ह भरून दिले. एक लेकीकडे पाठवायचा. दुसरा त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवला आणि पिशवीची नाडी दोनदा गुंडाळली.