भांडण मिटेपर्यंतचं काम: सायप्रसची साठ वर्षं

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, शांतिसेनेचा विषय निघाला की आपल्याकडे कांगो आणि लेबनॉनची नावं आधी येतात. तिथे आपले जवान मोठ्या संख्येने गेले, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. आज मात्र मी सायप्रसबद्दल बोलणार आहे. भूमध्य समुद्रातलं हे बेट आपल्या सोलापूर जिल्ह्यापेक्षाही लहान आहे. क्षेत्रफळ सव्वानऊ हजार चौरस किलोमीटर. त्यावरचं भांडण सुटलेलं नाही आणि तिथली संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना 1964 पासून हललेली नाही. ‘साठ वर्षांत सुटलं नाही म्हणजे सगळं फुकट गेलं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते सांगतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. 1960 साली बेट ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटलं. सुमारे ऐंशी टक्के लोक ग्रीक भाषिक, अठरा टक्के तुर्की भाषिक. राज्यघटनेत राष्ट्राध्यक्ष ग्रीक आणि उपराष्ट्राध्यक्ष तुर्की, सरकारी नोकऱ्या 70-30, सैन्य 60-40. शिवाय ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तीन देश या व्यवस्थेचे हमीदार, म्हणजे ती मोडली तर हस्तक्षेप करण्याचा हक्क असलेले. म्हणजे नव्या देशाच्या दाराची किल्ली जन्मापासूनच तीन परक्यांच्या खिशात. ही हमी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे. 1963 च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांनी घटनेत तुर्की भाषिकांचे हक्क कमी करणारे तेरा बदल सुचवले आणि डिसेंबरात राजधानी निकोसियात रक्त सांडलं. 30 डिसेंबरला मेजर जनरल पीटर यंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने दोन वस्त्यांमधली रेघ ओढली. तिला आजही ‘ग्रीन लाइन’च म्हणतात.

4 मार्च 1964 रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 186 मंजूर केला आणि शांतिसेना उभी राहिली. पहिली मुदत तीन महिन्यांची! या सेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल ज्ञानी आपले होते. त्यांच्यानंतर आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या गेले. 18 डिसेंबर 1965 रोजी निकोसियातच, कामावर असताना, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, हे सोलापूरला सांगावं लागत नाही. परक्यांच्या भांडणात शस्त्र न उचलता आयुष्य घालवणाऱ्या माणसांचं मोल या गावाला कळतं. म्हणून थिमय्यांचं नाव इथे आवर्जून घेतोय. आपल्याकडे ते फारसं कुणाला आठवत नाही, याची मला खंत आहे.

शांतिसेना म्हणजे लढणारी सेना नव्हे. दोन्ही बाजूंची संमती, निःपक्षपातीपणा आणि स्वसंरक्षणापुरताच बळाचा वापर, या तीन अटींवर ती उभी असते. त्यामुळेच 1974 चा वणवा तिला रोखता आला नाही. त्या वर्षी 15 जुलैला अथेन्समधल्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने मकारिओस यांच्याविरुद्ध उठाव झाला. 20 जुलैला तुर्की फौजा बेटावर उतरल्या आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्यांच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेकडे पळाले. चाळीसेक हजार तुर्की सायप्रियट उत्तरेकडे गेले. अशा गदारोळात मेजर जनरल प्रेमचंद, म्हणजे पुन्हा आपलेच सेनापती, यांच्या सेनेने निकोसियाचा विमानतळ ताब्यात घेतला, तो राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखाली असल्याचं जाहीर केलं आणि तुर्की फौजेचा दबाव असूनही सोडला नाही. राजधानीभोवतीची एक मोठी लढाई तिथे टळली. तो विमानतळ प्रवाशांसाठी पुन्हा उघडला नाही, पण त्या जागेला पुढे एक वेगळाच उपयोग आला. त्याबद्दल पुढे बोलतो.

आज बफर झोन, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मधला शांतिसेनेच्या देखरेखीखालचा पट्टा, 180 किलोमीटर लांब आहे. काही ठिकाणी त्याची रुंदी सात किलोमीटर, तर निकोसियाच्या जुन्या पेठेत काही मीटर. कल्पना करा, आपल्या नवी पेठेत मध्येच वाळूची पोती आणि पिंपं रचली, पलीकडच्या दुकानदाराला तुम्ही चेहऱ्याने ओळखता, पण त्याच्या दुकानाची पायरी चढता येत नाही. निकोसियाच्या लेड्रा स्ट्रीटवर हे असंच होतं. बेटावरचे पहिले नाके लोकांसाठी 23 एप्रिल 2003 ला उघडले, आणि लेड्रा स्ट्रीट 2008 मध्ये.

मुत्सद्देगिरीची खरी अडचण मान्यतेची आहे. 1964 च्या ठरावात ‘सायप्रस सरकार’ असा उल्लेख होता, आणि तोपर्यंत त्या सरकारात तुर्की सायप्रियट उरलेच नव्हते. त्या एका उल्लेखाने जगाच्या दृष्टीने सरकार कोण, ते ठरून गेलं. पुढे 15 नोव्हेंबर 1983 रोजी उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित केलं. सुरक्षा परिषदेने ठराव 541 करून ते बेकायदा ठरवलं आणि आजवर तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिलेली नाही. परिणाम असा की दक्षिणेला प्रत्येक हस्तांदोलनात मान्यतेची भीती दिसते आणि उत्तरेला प्रत्येक अटीत अपमान. कागदावर कोणत्या पदनामाने सही करायची, इथेच गाडं अडतं.

मग कामं होतात कशी? यातलं मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते निकोसियाचं सांडपाणी. गटार योजना 1974 च्या आधी सुरू झाली होती. फाळणीनंतर नळ एका बाजूला, शुद्धीकरण केंद्राची जागा दुसऱ्या बाजूला. दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा आकिंजी राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या छत्राखाली भेटू लागले. एकमेकांच्या पदाला मान्यता देण्याचा प्रश्नच त्यांनी बाजूला ठेवला. शहराचे दोन प्रतिनिधी शहराच्या घाणीबद्दल बोलत आहेत, एवढंच. 1978 मध्ये जमलं. दोन्ही बाजूंचं सांडपाणी उत्तरेतल्या एकाच केंद्राकडे जाऊ लागलं, आणि त्यातूनच अख्ख्या निकोसियाचा एकत्रित नगररचना आराखडा निघाला. वरिष्ठ नेत्यांच्या वाटाघाटी कितीदा तरी फिसकटल्या, पण हे चालू राहिलं. आकिंजी पुढे 2015 मध्ये उत्तरेचे नेते झाले.

दुसरं उदाहरण जास्त जड आहे. 1963-64 आणि 1974 मध्ये बेपत्ता झालेल्यांची अधिकृत यादी 2002 जणांची आहे: 1510 ग्रीक सायप्रियट आणि 492 तुर्की सायप्रियट. त्यांच्यासाठी दोन्ही समाज आणि राष्ट्रसंघ मिळून 1981 मध्ये समिती नेमली गेली. प्रत्यक्ष उत्खनन सुरू व्हायला 2006 उजाडलं. आता मघाचा विमानतळ आठवा. त्याच संरक्षित आवारात समितीची प्रयोगशाळा आहे, आणि तिथे ग्रीक व तुर्की सायप्रियट तरुण शास्त्रज्ञ एकाच टेबलाशी उभे राहून हाडं जुळवतात. हजाराहून अधिक जणांची ओळख पटून अवशेष घरच्यांना मिळाले. पण यासाठी एक किंमत मोजावी लागली. कोणी मारलं आणि मरण कशाने आलं, हे ही समिती सांगत नाही. तिच्या अटींतच तसं ठरलं आहे. आईला मुलाची हाडं मिळतात, मारेकऱ्याचं नाव मिळत नाही. हा सौदा मला बोचतो. तरीही तो करायला हवा होता असंच मी म्हणेन, कारण तशी हमी नसती तर खड्डा कुठे आहे ते सांगायला एकही साक्षीदार पुढे आला नसता. आणि ते साक्षीदार आता म्हातारे होत चालले आहेत.

मघाशी चिठ्ठीतून एक प्रश्न आला: शांतिसेना आहे म्हणूनच दोघं निवांत बसलेत का, ती काढली तर आपोआप मिटवतील का? प्रश्न योग्य आहे आणि अभ्यासकही तो विचारतात. पण मी दोष दुसरीकडे देतो. 24 एप्रिल 2004 रोजी राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या, बेट पुन्हा एका संघराज्यात जोडण्याच्या योजनेवर दोन्हीकडे एकाच दिवशी सार्वमत झालं. तुर्की सायप्रियटांपैकी सुमारे 65 टक्के ‘हो’ म्हणाले, ग्रीक सायप्रियटांपैकी 76 टक्के ‘नाही’. सायप्रसला सदस्यत्व देताना तडजोडीची अट घालायची नाही, हे युरोपीय संघाने 1999 मध्ये हेलसिंकीतच ठरवलं होतं. सार्वमतानंतर आठवड्याने, 1 मे रोजी, सायप्रस सदस्य झाला. नकार देणाऱ्यांचं काही अडलं नाही आणि होकार देणारे बाहेरच राहिले. योजनेत दोष होते आणि ग्रीक सायप्रियटांच्या शंका खऱ्या होत्या, विशेषतः तुर्की फौजांबद्दलच्या. पण हातातला तराजू असा आधीच रिकामा करायचा नसतो. शांतिसेना काढली असती तर यातलं काहीच बदललं नसतं. ऑगस्ट 2023 मध्ये बफर झोनमधल्या पिला या मिश्र वस्तीच्या गावाजवळ रस्ता बांधण्यावरून शांतिसैनिकांनाच मारहाण झाली. तिथे ते उभे नसते तर त्या दिवशी कोण कोणाला भिडलं असतं, याचा विचार करा.

2017 मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रान्स-मोंतानामध्ये तीनही हमीदारांसह बैठक झाली आणि ती मोडली. त्यानंतर उत्तरेच्या नेतृत्वाने दोन सार्वभौम राष्ट्रांचीच मागणी लावून धरली. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या मतदारांनी संघराज्याची भाषा बोलणारे तुफान एरहुरमान निवडले, म्हणून पुन्हा बोलणी सुरू होण्याला थोडी जागा आहे. क्रान्स-मोंतानाच्या फेरीत सगळ्यात घट्ट बसलेली गाठ 1960 च्या हमीची आणि तुर्की फौजांची होती. हमी राहिली तर ग्रीक सायप्रियटांना 1974 दिसतं, हमी गेली तर तुर्की सायप्रियटांना 1963 दिसतं. माझ्या मते पुढच्या फेरीत जमीन आणि मालमत्तेचे तक्ते मांडण्याआधी हाच प्रश्न घ्यायला हवा: फौजा किती वर्षांत किती कमी होतील, आणि त्या काळात दोन्ही समाजांच्या सुरक्षेवर देखरेख कोण करेल. तिघा हमीदारांना मान्य असेल असं बाहेरचं देखरेख पथक उभं करायचं, तर त्या रेषेचा प्रत्येक मीटर माहीत असलेली माणसं राष्ट्रसंघाच्या त्याच सेनेत आहेत.