ती वीज आपल्याकडची न्हाई

[पडद्यावर: मे महिन्याची संध्याकाळ. बालाघाटच्या डोंगरावर भरून आलेलं आभाळ. उतारावर मेंढरं.]

आधी हा गडगडाट ऐका.

[आवाज: गडगडाट]

ओळखीचा वाटला असेल. ओसाड वाडा, गेलेले दिवे, दारात उभी कुणाची तरी सावली, आणि नेमका हाच आवाज. अमेरिकेत ध्वनीचं काम करणारे याला 'कॅसल थंडर' म्हणतात. १९३१ साली आलेल्या 'फ्रँकेन्स्टाइन' या भयपटासाठी तो तयार झाला आणि पुढची कितीतरी दशकं सिनेमांत, कार्टूनमध्ये, जिथं म्हणून आभाळ गरजायचं तिथं तोच गरजत राहिला.

मीही ध्वनिमुद्रणाचंच काम करतो. गाव माझं बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. दोन वर्षांपूर्वी गावातल्या मेंढपाळांवर आम्ही एक छोटी फिल्म केली. त्यात एक दृश्य होतं, हेच, जे तुम्ही आता बघताय. डोंगरामागं वीज चमकते, मेंढरं चरतायत. संकलनाच्या टेबलावर वेळ कमी होता. संगणकात 'थंडर' असं शोधलं, जी पहिली फाईल आली ती विजेखाली नेमकी बसवली आणि पुढं गेलो.

मग फिल्म गावात दाखवली. मारुतीच्या देवळाशेजारी, भिंतीला चादर बांधून. पारावर बाप्ये, ओट्यावर बाया, पुढं मातीत सगळी पोरं. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा झाला. सगळे पांगले तेव्हा एक म्हातारे बाबा जवळ आले. पन्नास वर्षं मेंढरामागं फिरलेला माणूस.

"पिच्चर चांगला हाय लेकरा," ते म्हणाले. "पण ती वीज आपल्याकडची न्हाई."

मी विचारलं, कशावरून, बाबा?

"चमकली की लगीच वाजली. मंग ती डोक्यावरच पडायला पाह्यजे की. अन् तुही मेंढरं तर निवांत चरायलीत."

मी त्या रात्री झोपलो नाही, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

कारण बाबांचं गणित बिनचूक होतं. उजेड आपल्यापर्यंत तत्काळ पोचतो, आवाजाला वेळ लागतो. एक किलोमीटर यायला त्याला साधारण तीन सेकंद लागतात. वीज दिसल्यापासून कडाडेपर्यंत मनात आकडे मोजले आणि तिनानं भागले, की ती किती लांब पडली ते कळतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाबांनी ते उघड्या माळावर, आडोसा शोधत शिकलं होतं. चूक त्या फाईलची नव्हती. चूक माझी होती, आणि ती ज्यांच्यावर फिल्म केली त्यांनाच ऐकू आली.

[पडद्यावर: संगणकावर आवाजाच्या फायलींची लांबलचक यादी.]

या धंद्यात सगळ्यांत गाजलेला आवाज एका किंकाळीचा आहे. १९५१ साली 'डिस्टंट ड्रम्स' नावाचा अमेरिकी सिनेमा आला. त्यात दलदलीतून चाललेल्या एका सैनिकाला मगर ओढून नेते. त्यासाठी एका माणसाकडून ओरडून घेतलं. तो बहुधा शेब वूली नावाचा गायक-नट असावा, असं मानतात. दोन वर्षांनी दुसऱ्या एका सिनेमात विल्हेल्म नावाच्या सैनिकाच्या मांडीत बाण घुसतो, तिथं तीच किंकाळी लावली. बेन बर्ट या ध्वनी संयोजकाला ती पुढं स्टुडिओच्या जुन्या संग्रहात सापडली. त्यानं तिला 'विल्हेल्म किंकाळी' असं नाव दिलं, १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये वापरली आणि मग जवळपास प्रत्येक कामात तिची जागा ठेवली. बाकीच्यांनीही तेच केलं. आज शेकडो सिनेमांत तो एकच माणूस दरीत पडतो, गोळी खातो, स्फोटात उडतो. जाणकार प्रेक्षक ती ऐकली की खुर्चीत हसतात, शेजाऱ्याला कोपरानं ढोसतात. पडद्यावर माणूस मेलेला असतो.

प्राण्यापक्ष्यांच्या आवाजांचं तर मला फारच दुखतं. गरुड दाखवायचा असला की जो लांबलचक, चिरका आवाज येतो, तो बऱ्याचदा गरुडाचा नसतो. तो अमेरिकेतल्या लाल शेपटीच्या ससाण्याचा. खुद्द त्यांच्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचा आवाज बारीक, किलबिलल्यासारखा आहे, म्हणून त्याला दुसऱ्याचा गळा दिला. हा ससाणा आपल्या देशात नाही. पण आपल्याकडच्या माळावर घिरट्या घालणाऱ्या घारीच्या तोंडी मी त्याचा आवाज ऐकलाय. घारीचा आवाज ज्यानं उन्हाळ्याच्या दुपारी अंगणात ऐकलाय, त्याला तो थरथरता सूर सांगायला नको.

बेडकाचंही तसंच. इंग्रजी सिनेमातला बेडूक 'रिबिट' म्हणतो. तसं म्हणणारा बेडूक उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. हॉलिवूडही तिथंच, म्हणून तोच मुद्रित झाला आणि जगभरचे बेडूक रिबिट म्हणायला लागले. आमच्याकडं पहिला पाऊस पडला की डबक्यात पिवळेधमक बेडूक डरांव डरांव सुरू करतात आणि रात्रभर कुणाला झोपू देत नाहीत. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं की माणसं पाऊस चांगला म्हणतात. त्या बेडकाला परका आवाज लावायचा म्हणजे माणसाच्या आशेलाच परका आवाज लावायचा.

आणि पावशा! मृगाच्या आधी तो ओरडायला लागतो, 'पेरते व्हा, पेरते व्हा'. मराठवाड्यात बियाणं घरात आणून आभाळाकडं डोळे लावून बसलेल्या माणसाला तो काय वाटतो, हे शब्दांत सांगता येत नाही. पेरणीच्या दृश्याला तो कितीदा ऐकलात, आठवून बघा. बहुतेकदा तिथं बासरी असते.

[पडद्यावर: जत्रेचा रिकामा माळ, तंबूचे खुंटे.]

पण वापरून गुळगुळीत झालेला प्रत्येक आवाज वाईट, असं मी म्हणणार नाही. लहानपणी जत्रेतल्या तंबूत टुरिंग टॉकीजचा सिनेमा बघितलाय. तिथं ढिशूम वाजलं की शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर यायचा. गालावर बसलेली खरी बुक्की तशी वाजत नाही, हे भांडणं बघितलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात आम्ही तोंडानं तेच ढिशूम करायचो, बुक्की लागो न लागो. ते ढोलकीच्या थापेसारखं आहे. वगात राजा येतो, ढोलकी कडाडते. कालच्या राजालाही हीच थाप होती म्हणून कुणी उठून जात नाही. ती थाप आपण खरी आहोत असा दावाच करत नाही.

गडगडाट तो दावा करतो. पडद्यावर हा डोंगर, ही मेंढरं दाखवली, म्हणजे सांगितलं की हे तुमचं गाव. मग आभाळही त्यांचंच पाहिजे.

म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात मी पुन्हा डोंगराखाली गेलो. वळवाचे दिवस. अकरा रात्री बसलो. सोपं नसतं ते. आभाळ भरून आलं की वारा सुटतो आणि माईकवर केसाळ टोपी घातली तरी घुमतो. वारा थांबला तर कुणाच्या तरी विहिरीवर मोटर चालू होते, कारण शेतीची लाईट रात्रीच आलेली असते. मोटर बंद झाली तर लग्नाचा डीजे. तयार फाईल का वापरतात, ते त्या रात्रींनी मला नीट समजावलं. तिच्यात मोटर नसते. पण ज्या रात्री मोटर अचानक थांबली, पाठोपाठ कुत्री गप्प झाली आणि लांब मांजरा नदीच्या खोऱ्यातून तो आवाज घरंगळत, डोंगराला धडकून परत येत माझ्यापर्यंत पोचला, तेव्हा अंगावर काटा आला.

फिल्ममध्ये तो आवाज बदलून लावला आणि त्याच भिंतीवर, तीच चादर बांधून पुन्हा दाखवली. वीज चमकली. सगळे गप्प. काही सेकंद नुसता वारा आणि मेंढराच्या गळ्यातली घंटी. मग तो गडगडला. ओट्यावरची एक बाई मान वळवून मागं आभाळाकडं बघत शेजारणीला म्हणाली, "पाऊस यायलाय का गं?"

आभाळ निरभ्र होतं. चांदण्या होत्या. बाबा माझ्याकडं बघत होते. बोलले काहीच नाहीत, फक्त बोटांवर काहीतरी मोजत होते.

[पडद्यावर: पुन्हा पहिलं दृश्य. डोंगर, मेंढरं.]

आता तो आवाज तुम्हाला ऐकवतो. हेडफोन असतील तर लावा. वीज दिसल्यावर लगेच काही ऐकू येणार नाही. घाई करू नका. अकरा सेकंद.

[वीज. वारा. घंटी.]