बिलातली भाड्याची ओळ

मंडळी, नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांचं इंटरनेटचं बिल ऑटोपेवर असणार. पैसे आपोआप जातात, बिल कुणी उघडत नाही. आज घरी गेल्यावर एकदा ते उघडा. प्लॅनच्या रकमेखाली एक छोटी ओळ असते. कुठे तिला 'मोडेम रेंटल' म्हणतात, कुठे 'गेटवे', कुठे नुसतंच 'इक्विपमेंट'. मोडेम म्हणजे केबलवरून इंटरनेट घरात आणणारा डबा, आणि ही ओळ म्हणजे त्याचं भाडं. अमेरिकेतल्या बऱ्याच केबल कंपन्यांकडे ही रक्कम महिन्याला दहा ते पंधरा डॉलरच्या घरात असते. पंधरा धरले तर वर्षाचे १८० होतात आणि पाच वर्षांचे ९००. त्या पाच वर्षांत डबा तोच असतो, पुष्कळदा आधी दुसऱ्या कुणाच्या घरी वापरून झालेला. चांगला, आजच्या मानाचा मोडेम दुकानात साधारण दीडशे ते दोनशे डॉलरला मिळतो. म्हणजे वर्षा-सव्वा वर्षात तो स्वतःची किंमत फेडतो.

एवढं गणित कुणालाही येतं. मला आज जास्त बोलायचंय ते त्यामागच्या भीतीबद्दल. "आपला मोडेम लावला तर नेट नीट चालेल ना?", "कंपनी अडवणार नाही ना?", "वेग कमी तर देणार नाही?" हे प्रश्न मला सतत विचारले जातात, आणि विचारणारे पुष्कळदा स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असतात. म्हणून आधी हक्काचं बोलू, मग यंत्राचं.

या देशात एके काळी घरातला टेलिफोनसुद्धा तुमचा नसायचा. तो फोन कंपनीचा, आणि तुम्ही त्याचं दर महिन्याला भाडं भरायचं. तारेला दुसरं काहीही जोडायला मनाई. हश-ए-फोन नावाचा एक साधा कप मिळायचा. तो बोलायच्या बाजूला बसवला की आपलं बोलणं शेजारच्याला ऐकू जायचं नाही. फोन कंपनीने त्यालाही हरकत घेतली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५६ साली निकाल कप बनवणाऱ्याच्या बाजूने लागला. पुढे टेक्सासमधल्या थॉमस कार्टर यांनी कार्टरफोन बनवला. फोनचा रिसीव्हर त्याच्या खाचेत ठेवायचा, की पलीकडचा माणूस थेट दूर रानात, तेलाच्या विहिरीवर असलेल्या वायरलेसवाल्याशी बोलू शकायचा. विजेची तार कुठेच जोडलेली नाही, सगळं नुसत्या आवाजावर. तरी एटी अँड टीने, म्हणजे त्या फोन कंपनीने, मनाई केली. १९६८ साली एफसीसीने, म्हणजे दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने, निकाल दिला की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहक आपलं यंत्र जोडू शकतो. आन्सरिंग मशीन, फॅक्स, घरातला डायल-अप मोडेम, ही सगळी त्या निकालाची लेकरं.

तरीही हक्क कागदावर मिळाला म्हणून घरातलं भाडं थांबत नाही. फोन विकत घेता यायला लागून कितीतरी वर्षं झाली, तरी अनेक म्हाताऱ्या माणसांच्या बिलात ती ओळ तशीच राहिली. २००६ मध्ये ओहायोतल्या एका आजींची बातमी आली होती. त्या चाळीसहून अधिक वर्षं फिरत्या डायलच्या फोनचं भाडं भरत होत्या, शेवटी शेवटी दर तीन महिन्यांना तीसेक डॉलर. कुणी फसवलं असं नाही, कुणी सांगितलंच नाही. मला ही बातमी अजून आठवते, कारण ऑटोपेच्या काळात आपली अवस्था त्याहून फार वेगळी नाही.

केबलच्या बाबतीत आज कायदा तुमच्या बाजूने अगदी स्पष्ट आहे. डिसेंबर २०१९ मध्ये टेलिव्हिजन व्ह्यूअर प्रोटेक्शन ॲक्ट झाला आणि त्यातली उपकरणांच्या भाड्याची कलमं २०२० च्या डिसेंबरपासून लागू झाली. नाव टीव्हीचं असलं तरी त्यात घरचं ब्रॉडबँडही येतं. ग्राहक स्वतःचं उपकरण वापरतो म्हणून पैसे घेता येणार नाहीत, आणि जे उपकरण कंपनीने दिलंच नाही किंवा ग्राहकाने परत केलं, त्याचं भाडं लावता येणार नाही. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

आता यंत्राचं. कंपनीच्या डब्यात आणि दुकानातल्या मोडेममध्ये असं काय वेगळं असतं? कोॲक्सच्या, म्हणजे केबल कंपनीच्या जाड गोल तारेवरचं काम बघितलं तर, काहीच नाही. केबल मोडेम डॉक्सिस नावाच्या खुल्या मानकावर चालतो. ते केबललॅब्ज ही केबल कंपन्यांचीच संशोधन संस्था तयार करते. पहिली आवृत्ती १९९७ ची, ३.० ही २००६ ची, ३.१ ही २०१३ ची. आता ४.० ही आली आहे, पण तिच्यासाठी आज थांबून राहायचं कारण नाही. मानक एक असल्यामुळे कंपनीच्या टोकाच्या यंत्राला तुमचा मोडेम भाड्याचा की विकतचा याने फरक पडत नाही.

मोडेम चालू केल्यावर जे दिवे लुकलुकतात ना, त्यांच्याकडे एकदा निवांत बघा. आधी तो तारेवरच्या फ्रीक्वेन्सी चाळत खाली येणारा सिग्नल शोधतो. सापडला की वर पाठवायच्या बाजूची तयारी करतो, आणि पलीकडचं यंत्र त्याला सांगतं, जरा मोठ्याने बोल, जरा हळू. मग त्याला पत्ता मिळतो, आणि त्यानंतर एक छोटी फाइल उतरते. तुमच्या प्लॅनचा वेग या फाइलमध्ये लिहिलेला असतो. कंपनी ती फाइल तुमच्या खात्याकडे बघून पाठवते. तेव्हा "स्वतःचा मोडेम आहे म्हणून वेग कमी देतील" ही भीती मनातून काढून टाका. मोडेम त्या प्लॅनला पुरेसा असला म्हणजे झालं. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: मोडेमचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, तो तुमचा असला तरी कंपनीच तारेवरून पाठवते. तुम्हाला ते हाताने बदलता येत नाही. त्यामुळे "अपडेट कोण करणार" ही काळजीही नको.

पुरेसा म्हणजे किती? डॉक्सिस ३.० मध्ये सहा मेगाहर्ट्झची एकेक वाहिनी असते आणि प्रत्येकीतून सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट मिळतात. डब्यावर ३२ बाय ८ असं लिहिलेलं असतं, म्हणजे खाली येणाऱ्या ३२ वाहिन्या आणि वर जाणाऱ्या ८. कागदावर ३२ गुणिले ३८ म्हणजे बाराशेच्या वर जातं. पण त्या वाहिन्या सगळ्या गल्लीच्या असतात, एकट्या तुमच्या नाहीत. ३.१ मध्ये याच्या जोडीला खूप रुंद वाहिन्या येतात, आणि संध्याकाळी सगळे एकदम नेटवर बसले की त्यांचाच आधार असतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आज नवीन घ्यायचा तर ३.१ चाच घ्या. तीस-चाळीस डॉलर वाचवायला ३.० चा घेऊ नका. गिगाबिटच्या वरचा प्लॅन असेल तर अडीच गिगाबिटचं पोर्ट असलेला बघा.

एका चिपचं नाव घेतो, कारण जुन्या मालात ती अजून सापडते. इंटेलच्या प्यूमा ६ चिपवर चालणाऱ्या मोडेममध्ये २०१६ च्या अखेरीस एक दोष उघडकीस आला. वेग मोजला तर उत्तम, पण डेटाची पॅकेटं, म्हणजे छोटे तुकडे, अधूनमधून अडकायची. सिनेमा बघताना कळणार नाही. व्हिडिओ कॉलवर आवाज तुटणार, गेम खेळताना झटके बसणार. मॉडेलचं नाव आणि 'प्यूमा ६' असं एकत्र शोधून बघा, मगच पैसे द्या.

जुना मोडेम घेतानाही सांभाळा. कुणी तरी भाड्याचा डबा परत न करता विकायला काढलेला असतो. कंपनीच्या नोंदीत त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, त्यांची मालमत्ता म्हणून असतो, आणि तो तुमच्या खात्यावर चालू करून मिळत नाही.

खरेदीच्या आधीचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे आपल्या कंपनीच्या साइटवरची मान्य मोडेमांची यादी बघणं. नुसतं ३.१ असून भागत नाही. हल्ली कंपन्या वर जाणाऱ्या बाजूला जास्त जागा देऊ लागल्या आहेत. इथे पूर्वी ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी अपलोडसाठी असायची, आता कुठे ती ८५ पर्यंत गेली आहे, कुठे २०४ पर्यंत. त्या वाढीव अपलोडचा फायदा यादीतल्या ठरावीक मोडेमांनाच मिळतो. घरून काम करणाऱ्याने हे नक्की तपासावं. केबलवरूनच घरचा फोन चालत असेल तर मोडेमला फोनचं पोर्ट लागतं. तसे मोडेम थोडे आहेत आणि महागही आहेत.

अजून एक. कंपनी देते तो डबा मोडेम आणि वाय-फाय राउटर असा दोन्ही असतो, म्हणून त्याला गेटवे म्हणतात. विकत घेताना मी दोन्ही वेगळे घ्यायला सांगतो. वाय-फायचं तंत्र भराभर जुनं होतं, मोडेम त्या मानाने खूप वर्षं टिकतो. वेगळे असले की राउटर बदलता येतो आणि मोडेमला हात लावावा लागत नाही. ज्यांच्याकडे मेश राउटर, म्हणजे मिळून घरभर वाय-फाय पसरवणारे राउटर, आधीच आहेत त्यांना फक्त मोडेमच लागणार. शिवाय काही कंपन्या तुमच्या घरच्या गेटवेवरून इतर ग्राहकांसाठी सार्वजनिक हॉटस्पॉट चालवतात. तो बंद करता येतो, पण बंद करायचा असतो हे माहीत असायला हवं. राउटर आपला असला की हा प्रश्नच येत नाही.

आता स्वतःच्या मोडेमची खरी किंमत. काही बिघडलं की ग्राहक सेवेवाला पहिलं वाक्य म्हणतो, "तुमचा मोडेम खराब असेल." आणि माणूस तिथेच गळपटतो.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, एकट्या राहतात. मुलाने मोडेम घेऊन दिला होता, पण रोज संध्याकाळी नातवंडांशी कॉल चालू असताना नेट जायचं. कंपनीने फोनवर तेच सांगितलं, मोडेम बदला, हवा तर आमचा भाड्याने घ्या. मी गेलो, त्यांच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला. बहुतेक केबल मोडेमांचं स्वतःचं पान याच पत्त्यावर उघडतं. त्यात खाली येणाऱ्या सिग्नलची ताकद होती उणे १२. ती उणे ७ ते अधिक ७ च्या दरम्यान असली तर चांगली. वर पाठवायची ताकद ५१, म्हणजे मोडेम जवळजवळ पूर्ण ओरडून बोलत होता. टीव्हीच्या मागे हात घातला तर धुळीत एक जुना चौफाटा स्प्लिटर. कधी काळी चार खोल्यांत टीव्ही असतील. आता त्यातल्या एकाच तोंडाला तार होती, मोडेमची. अशा स्प्लिटरमध्ये सात डेसिबल तरी जातात. तो काढून तारा सरळ जोडल्या, तर ताकद उणे ५ वर आली आणि वरची ४४ वर. मोडेम पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. भाड्याचा डबा आणला असता तर तोही रोज संध्याकाळी असाच पडला असता, आणि काकू दर महिन्याला पंधरा डॉलर भरत राहिल्या असत्या.

हे आकडे वाचायला इंजिनिअर लागत नाही. नेट चांगलं चालू असताना त्या पानाचा एक फोटो काढून ठेवा. बिघडलं की परत बघा आणि फोनवर आकडे सांगा. आकडे सांगणाऱ्या ग्राहकाकडे तंत्रज्ञ लवकर पाठवतात, हा माझा अनुभव आहे.

प्रत्येकाने विकतच घ्यावा असं मी म्हणणार नाही. काही कंपन्या मोडेमचं वेगळं भाडं घेतच नाहीत, फक्त वाय-फायचं घेतात. तिथे मोडेम त्यांचाच ठेवा आणि राउटर आपला आणा. काही नव्या प्लॅनमध्ये गेटवे किमतीतच धरलेला असतो, किंवा त्याच्याबरोबर डेटाची मर्यादा उठते. तिथे कागद घेऊन बसावं लागेल. वर्षभरात गाव बदलायचं असेल, पुढच्या घरी फायबर असेल, तर केबल मोडेम तिथे निरुपयोगी आहे. आणि आईवडील वेगळे राहत असतील आणि जवळ कुणीच नसेल, तर भाड्याचा डबा असू द्यावा. त्यांच्या शांततेला पंधरा डॉलर जास्त नाहीत.

मघाशी पुढच्या रांगेतल्या ताईंनी विचारलं होतं, जुना डबा परत करताना काय करायचं. आधी नवीन मोडेम चालू करून घ्या. ॲपवरून होतं, नाहीतर फोन करून मॅक ॲड्रेस सांगायचा, तो मोडेमच्या तळाशी छापलेला असतो. दोन-तीन दिवस नीट चालू द्या. मग जुना डबा त्याच्या पॉवर ॲडॅप्टरसकट परत करा आणि पावती घ्या. पावतीवर डब्याचा सिरियल नंबर आहे का ते काउंटरवरच बघा आणि तिचा फोटो काढा. परत केलेला डबा नोंदीत चढत नाही आणि मग न परतवल्याचा दंड लागतो, हे पुष्कळांच्या बाबतीत होतं. पुढची दोन बिलं स्वतः उघडा. भाड्याची ओळ गेली नसेल तर फोन करा, परत केल्याची तारीख सांगा, त्या तारखेनंतरचे पैसे परत मागा, कायदा नेमकं तेच म्हणतो. तरीही हललं नाही तर एफसीसीच्या साइटवर तक्रार टाका. तिला फी नाही, वकील लागत नाही, आणि एफसीसीने ती कंपनीकडे पाठवली की तीस दिवसांत कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं. पावतीचा फोटो त्या तक्रारीला जोडायला विसरू नका.