दोरा आणि वारा

(पृथ्वीगोल. दोरा ताणणारी बोटं.)

दोऱ्याचं एक टोक सिंगापूरच्या चांगी विमानतळावर, दुसरं न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर. आता दोरा ताणायचा. तो पूर्वेलाही वळत नाही, पश्चिमेलाही नाही. थेट वर चढतो, उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून पलीकडे उतरतो. हे सर्वांत कमी अंतर: सुमारे 15,300 किलोमीटर.

मोठं प्रवासी विमान ताशी साधारण 900 किलोमीटर कापतं. भागाकार केला, तर सतरा तास. वेळापत्रकात मात्र अठराच्याही वर.

(वैमानिकासमोरचा पडदा.)

कारण 900 हा हवेतला वेग, आणि ती हवाच वाहत असते. ताशी 150 किलोमीटरचा वारा पाठीशी असला, तर जमिनीच्या हिशेबानं वेग 1,050. तोच समोरून आला, तर 750. म्हणून न्यूयॉर्कला निघालेलं विमान बरेचदा दोरा सोडून जपानच्या बाजूनं पॅसिफिकवर जातं. अंतर वाढतं, पण पाठीवर वारा मिळतो.

(जुनी छायाचित्रं. दुर्बिणीला लावलेला डोळा.)

हा वारा आधी मोजला कुणी? जपानमधल्या तातेनो वेधशाळेत हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी 1920च्या दशकात फुगे सोडत. थिओडोलाइटमधून, म्हणजे कोन मोजणाऱ्या दुर्बिणीतून, प्रत्येक फुगा दिसेनासा होईपर्यंत पाहायचा, ठरावीक वेळानं कोन टिपायचे, त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. आकाशात उंचावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे, एक प्रचंड वेगवान प्रवाह त्यांना आकड्यांत सापडला. 1926 मध्ये त्यांनी तो अहवाल छापला, एस्पेरांतो या जगभरासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत, जगानं वाचावा म्हणून. जगानं वाचला नाही. 1944च्या अखेरीस टोकियोवर उंचावरून आलेले अमेरिकी बॉम्बफेकी वैमानिक त्याच वाऱ्यात सापडले, तेव्हा कुठे सगळ्यांना त्याची जाणीव झाली.

मग नोव्हेंबर 1952. पॅन अमेरिकन या विमान कंपनीचं एक विमान टोकियोहून होनोलुलूला निघालं, 25,000 फुटांवर, हा प्रवाह पकडून. वाटेत इंधनासाठी थांबत अठरा तास लागणारा प्रवास साडेअकरा तासांत झाला. विमानतळ तेच होते. ओइशींचे फुगे तेव्हा कामी आले, असं मी मानतो.

(पहाट. हातात फुगा, खाली लोंबणारी छोटी पेटी.)

ते काम आजही चालू आहे. जगभर शेकडो ठिकाणांहून, रोज दोनदा, ठरलेल्या वेळी असे फुगे सुटतात. दोरीला गाठ मारायची, पेटी सुरू झाली का पाहायचं, हात सोडायचा. फुगा तीसेक किलोमीटर उंच जाऊन फुटतो. तोवर पेटी वारा, तापमान, आर्द्रता कळवत राहते. विमानांच्या आणि उपग्रहांच्या नोंदींबरोबर हेही आकडे हवामानाच्या अंदाजात जातात. त्यावरून उड्डाणाआधी मार्ग आखला जातो, इंधन ठरतं.

2022 मध्ये युरोपीय विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि फिनलंडमधल्या हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. इंधनही त्याच प्रमाणात वाढलं.

(धावपट्टी. रात्र. विमान वळतं.)

आजचा मार्ग मंजूर झाला आहे. कालच्यापेक्षा तो थोडा दक्षिणेला सरकला आहे.